सूत व्यापाऱ्याला दिलेली प्रॉमिसरी नोट, हातउसने आणि 31 मार्चची बाकी देणी

प्रश्न विचारणारे इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग फर्मचे अकाउंटंट आहेत. फर्म भागीदारीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उचललेल्या सुताची सहा लाखांची बिलं थकली, तेव्हा 15 जानेवारीला मालकांनी सूत व्यापाऱ्याला सहा महिन्यांच्या मुदतीची प्रॉमिसरी नोट (रक्कम देण्याचं सही केलेलं लेखी वचन) लिहून दिली. व्याज शेकडा एक, म्हणजे दरमहा सहा हजार. त्याच सुमारास मालकांच्या मेहुण्यांकडून तीन लाख हातउसने घेतले. त्यांनाही नोट दिली, पण बिनव्याजी आणि मागाल तेव्हा परत अशी. आधीच्या अकाउंटंटने सगळी देणी 'सन्ड्री क्रेडिटर्स' (उधारीची देणी) आणि 'आउटस्टँडिंग एक्स्पेन्सेस' (द्यायचे राहिलेले खर्च) अशा दोन पोत्यांत भरून ठेवली आहेत. आता कॅश क्रेडिटच्या (खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जाच्या) रिन्युअलसाठी बँकेला 31 मार्चचा ताळेबंद लागणार, आणि मालक म्हणतात, "नोट अनसिक्युअर्ड लोनमध्ये टाक, रेशो बरा दिसेल." रेशो म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. नोट कुठे दाखवायची, व्याज कधी लिहायचं आणि बाकीच्या देण्यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठला ग्रुप निवडायचा हे पाच मिनिटांत सांगता येईल. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: नोट दिली म्हणजे पैसे दिले असं होत नाही. देणं तेच आहे, त्याचा कागद बदलला. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न सुटतात, कारण जीएसटी असो, एमएसएमईची (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांना पैसे देण्याची) मुदत असो की बँकेचा रेशो, सगळीकडे गोंधळ होतो तो नोट म्हणजेच पेमेंट असं धरून चालल्यामुळे.

मग कागद बदलला तर खातं तरी का बदलायचं, व्यापाऱ्याच्या खात्यातच का ठेवू नये? माझ्याकडच्या फर्मांना मी यासाठी वेगळं खातं उघडायला लावतो आणि त्याचं कारण व्यवहारातलं आहे. उधारीच्या बिलाचं देणं व्यापाऱ्याचंच असतं. नोट मात्र तो सही करून दुसऱ्याच्या नावे करू शकतो. जुलैत तुमच्या दारात नोट घेऊन येणारा माणूस वेगळाच असू शकतो, आणि नोटेचा रीतसर धारक असेल तर पैसे त्याला द्यावे लागतात. त्या वेळी व्यापाऱ्याच्या खात्यात सहा लाख उभे असतील आणि पेमेंट तिसऱ्याच नावाने गेलं असेल, तर हिशोबाला शेंडाबुडखा राहत नाही. शिवाय उधारीच्या बिलावर साधारणपणे व्याज नसतं, तारखेत चार दिवस मागेपुढे चालतं. नोटेवर व्याज आहे आणि तारीख पक्की आहे. कोणाला, किती, कधी ही तिन्ही उत्तरं बदलली की खातं वेगळं करायचं, असा माझा साधा नियम आहे. व्यापाऱ्याने नोटेऐवजी हुंडी काढली असती आणि तुमच्या मालकांनी ती स्वीकारली असती, तरी तुमच्या वहीत हेच झालं असतं.

आता नोंद. टॅलीत 'करंट लायबिलिटीज'खाली 'देय प्रॉमिसरी नोट' असं खातं उघडा. 15 जानेवारीच्या तारखेने जर्नल (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट):

सूत व्यापारी खाते नावे 6,00,000
देय प्रॉमिसरी नोट खाते जमा 6,00,000

खुलाशात नोटेची तारीख, मुदत, व्याजदर आणि ज्या बिलांपोटी नोट दिली त्यांचे क्रमांक लिहा. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. व्यापाऱ्याच्या खात्याला बिल-वाइज (बिलवार हिशोब) चालू असेल, तर ही सहा लाखांची नावे बाजू 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाशी न जोडता, सोडू नका. जुनी बिलं एकेक निवडून 'अगेन्स्ट रेफ' करा. नाहीतर खात्याची बाकी शून्य दिसेल, पण बिलांच्या यादीत ऑक्टोबरची सगळी बिलं थकलेली दिसत राहतील, आणि बँकेला क्रेडिटर्सची वयवार यादी काढून दिलीत की तिथे सहा लाख दुसऱ्यांदा उगवतील.

देय तारीख 15 जुलै नव्हे, 18 जुलै. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात मुदतीच्या नोटेला तीन दिवसांची सवलत आहे. तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर देय तारीख आधीच्या कामकाजाच्या दिवशी येते, पुढच्या नाही. मेहुण्यांच्या नोटेला ही सवलत नाही, कारण ती मागणी करताच देय आहे.

व्याजाकडे वळतो. व्याज जुलैत एकरकमी द्यायचं म्हणून जुलैतच लिहायचं, ही चूक बऱ्याच जणांकडून होते. 15 जानेवारी ते 31 मार्च हे अडीच महिन्यांचं व्याज, म्हणजे 15,000, याच वर्षाचा खर्च आहे. नोटेत वर्षाला बारा टक्के असं लिहिलं असतं तर दिवसांवर मोजून 75 दिवसांचे 14,795 आले असते. नोटेचे शब्द पाहून एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. तुमच्याकडे शेकडा एक महिन्यावर ठरलंय, तेव्हा 15,000 धरतो.

यावर टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) आहे, हे मालकांना पचायला जड जाईल. कर्ज बँकेचं नसलं तरी व्याज हे व्याजच. भागीदारी फर्मला उलाढालीची अट लागत नाही, ती वैयक्तिक मालकीच्या धंद्याला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. 1 एप्रिल 2025 पासून अशा व्याजाची वार्षिक मर्यादा दहा हजार झाली, आणि तुमचं व्याज याच वर्षात पंधरा हजार झालं. दर दहा टक्के, व्यापाऱ्याचा पॅन असेल तर. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा करताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. आणि व्याज व्यापाऱ्याच्या खात्याऐवजी 'देय व्याज' अशा खात्यात जमा केलं तरी सुटका नाही. म्हणून 31 मार्चची नोंद अशी:

व्याज खर्च खाते नावे 15,000
देय व्याज खाते जमा 13,500
देय टीडीएस खाते जमा 1,500

मार्चचा टीडीएस भरायला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते. इतर महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत. जुलैत उरलेल्या साडेतीन महिन्यांचं 21,000 व्याज पुढच्या वर्षात येईल आणि नोट चुकती करताना नोंद होईल ती अशी:

देय प्रॉमिसरी नोट खाते नावे 6,00,000
देय व्याज खाते नावे 13,500
व्याज खर्च खाते नावे 21,000
देय टीडीएस खाते जमा 2,100
बँक खाते जमा 6,32,400

एकूण व्याज छत्तीस हजार, त्यातला टीडीएस छत्तीसशे, व्यापाऱ्याच्या हाती मुद्दल धरून सहा लाख बत्तीस हजार चारशे. त्याला पूर्ण छत्तीस हजारांची अपेक्षा असेल तर आत्ताच फोन करून सांगा. जुलैत वाद घालण्यापेक्षा ते बरं. पैसे दिल्यावर मूळ नोट परत मागून घ्या, तसा कायद्याने हक्क आहे. नोटेवर 'रक्कम मिळाली' असं लिहून सही घ्या आणि ती व्हाउचरला जोडा. मूळ नोट समोरच्याकडे राहिली आणि पेमेंट झालं, तर पुढे भांडायची वेळ तुमच्यावर येते.

व्याजाच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. उशिरा पैसे दिल्याबद्दलचं व्याज हा मालाच्या किमतीचाच भाग मानून व्यापारी त्यावर जीएसटी लावून डेबिट नोट (वाढीव रकमेचं मागणीपत्र) पाठवू शकतो. नोट दिल्यावर ते स्वतंत्र कर्जावरचं व्याज झालं आणि म्हणून करमुक्त, असंही काही जण म्हणतात. व्यापाऱ्याचा सल्लागार काय धरतो त्यावर अवलंबून आहे. डेबिट नोट आली तर सुताचा दर पाच टक्के धरून 36,000 वर 1,800 होतील, आणि इतर अटी पाळल्या असतील तर त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजावट, तुम्हाला मिळेल. आली नाही तर स्वतःहून काही करू नका.

हे झालं सोपं. आता ज्या दोन ठिकाणी नोट प्रत्यक्षात पैसे खाते, तिकडे येतो.

पहिली जागा जीएसटीची. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं आणि पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं. समजा सगळ्यात जुनं बिल 10 ऑक्टोबरचं आहे. त्याचे 180 दिवस 8 एप्रिलला भरतात. नोटेची तारीख मात्र जुलैची. काही सल्लागार म्हणतील की नोट स्वीकारली म्हणजे पुरवठादाराचं समाधान झालं. मी तसं धरत नाही. तुमच्या सहा लाखांत साधारण 28,571 रुपये जीएसटी आहे, त्या रकमेसाठी दोन वर्षांनी नोटिशीला उत्तर देत बसण्यापेक्षा 180 दिवस उलटतील तसं क्रेडिट उलटवा आणि जुलैत परत घ्या. प्रत्येक बिलाचे दिवस वेगळे भरतील, तेव्हा बिलवार तक्ता करा. म्हणूनच वर नोटेच्या खुलाशात बिलांचे क्रमांक लिहायला सांगितलं. व्यापाऱ्याच्या खात्यात बिलं मिटल्यावर टॅली तुम्हाला ही आठवण करून देणार नाही.

दुसरी जागा एमएसएमईची, आणि इथे सगळं व्यापारी कोण आहे यावर ठरतं. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 1961 च्या आयकर कायद्यात कलम 43बी मध्ये (एच) हा खंड आला आणि तो 1 एप्रिल 2024 पासून, म्हणजे आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झाला: मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच खर्च म्हणून मिळते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी सवयीने जुने सांगतो आहे.

तुमचा व्यापारी नुसता खरेदी-विक्री करणारा असेल, तर त्याच्याकडे उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारकडची नोंदणी) असली तरी ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती आहे. 45 दिवसांचा हा फास त्याच्या बिलांना लागत नाही, असंच आम्ही धरतो. पण हेच सूत थेट एखाद्या छोट्या सूतगिरणीकडून घेतलं असतं, तर चित्र पार पालटलं असतं. मालकांनी सहा महिन्यांची नोट लिहून दिली काय आणि गिरणीने ती आनंदाने घेतली काय, 45 दिवसांची कमाल मर्यादा करार करून वाढवता येत नाही. नोट म्हणजे प्रत्यक्ष पेमेंट नाही, त्यामुळे सहा लाख यंदाच्या उत्पन्नात पुन्हा धरले गेले असते आणि त्यावर कर भरावा लागला असता. जीएसटी, पीएफ, बोनस यांना विवरणपत्राच्या तारखेपर्यंत भरण्याची जी सवलत मिळते, ती या खंडाला नाही. तेव्हा व्यापाऱ्याचं उद्यम प्रमाणपत्र मागवा आणि त्यात व्यवसायाचं स्वरूप काय लिहिलंय ते पाहा. नुसता उद्यम क्रमांक आहे की नाही एवढं पाहून चालत नाही.

मेहुण्यांचे तीन लाख. ही रक्कम बँकेतून आली असेल अशी आशा आहे. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो, आणि 'घरचेच आहेत' ही सबब कायद्यात लिहिलेली नाही. परतफेडही बँकेतूनच करा. खातं 'लोन्स लायबिलिटी'मधल्या 'अनसिक्युअर्ड लोन्स'खाली, मेहुण्यांच्या नावाने. नोटेचं वेगळं खातं इथे नको, कारण माणूसही तोच आणि अटीही त्याच. पण टॅलीतला ग्रुप आणि ताळेबंदातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागाल तेव्हा द्यायचं कर्ज बारा महिन्यांहून पुढे ढकलायचा हक्क तुमच्याकडे नाही, म्हणून ते चालू देणं. मेहुणे मागणार नाहीत हे मालकांना ठाऊक असेल, पण ताळेबंद नोटेवरच्या शब्दांवर चालतो. हाच न्याय व्यापाऱ्याच्या नोटेला: ती जुलैत देय आहे, म्हणजे 31 मार्चपासून चार महिनेही नाहीत. ती दीर्घ मुदतीच्या कर्जात टाकणं म्हणजे बँकेला खोटं सांगणं, आणि रिन्युअलची फाईल पाहणारा अधिकारी पहिला प्रश्न मुदतीचाच विचारतो.

उलट बाजूने, मागांवरच्या मुदतकर्जात बरेच जण नको तितकं चालू देण्यात टाकतात किंवा काहीच टाकत नाहीत. समजा 31 मार्चला कर्जाची बाकी 14 लाख आहे आणि बँकेच्या परतफेडीच्या तक्त्याप्रमाणे पुढच्या बारा महिन्यांत 3,60,000 मुद्दल फिटणार आहे. ते 3,60,000 चालू देणं, उरलेले 10,40,000 दीर्घ मुदतीचे. पुढच्या वर्षीच्या हप्त्यांतलं व्याज यात धरायचं नाही, ते अजून झालेलंच नाही. वर्षभराच्या हप्त्यांची बेरीज करून ती चालू देण्यात टाकलेले ताळेबंद मी नेहमी पाहतो. टॅलीत खातं एकच ठेवा, विभागणी फक्त ताळेबंदात करा. भागीदारी आणि एकल मालकीच्या धंद्यांसाठीही आयसीएआयने (सीएंच्या संस्थेने) आता ताळेबंदाचा नमुना दिला आहे, त्यात चालू आणि बिगर-चालू अशी विभागणी आहेच.

आता ते दुसरं पोतं, 'आउटस्टँडिंग एक्स्पेन्सेस'. ते रिकामं करायला एक दिवस काढा. प्रत्येक रक्कम कुठल्या कागदाशी जुळते ते शोधा; जिला कागद सापडत नाही ती मालकांसमोर ठेवा. मी प्रत्येक कायदेशीर देण्याला स्वतंत्र खातं ठेवतो: देय टीडीएस, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), व्यवसाय कर, जीएसटी, आणि वाहतुकीवर रिव्हर्स चार्ज (सेवा घेणाऱ्याने भरायचा जीएसटी) लागत असेल तर तोही वेगळा, कारण तो क्रेडिटमधून वळता होत नाही, रोखच भरावा लागतो. यामागे सोयीचा विचार आहे: 31 मार्चची प्रत्येक खात्याची बाकी ही एप्रिलमध्ये भरलेल्या एका चलनाइतकी असली पाहिजे. पीएफ-ईएसआयसी 15 एप्रिलला, जीएसटी मासिक विवरणपत्राबरोबर 20 एप्रिलला, टीडीएस 30 एप्रिलला. चलन आणि बाकी जुळली नाही, तर चूक कुठल्या महिन्यात आहे हे त्याच दिवशी सापडतं.

पगाराची नोंद नमुन्यादाखल दाखवतो, कारण बहुतेक ठिकाणी ती हातात दिलेल्या रकमेवरच होते. फर्मला पीएफ-ईएसआयसी दोन्ही लागू आहेत आणि वीस हजार पगाराचे दहा पुरुष कामगार आहेत असं धरू. मार्चचा ढोबळ पगार दोन लाख. पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के कापला तर प्रत्येकी 1,800, एकूण 18,000. ईएसआयसी पाऊण टक्का, 1,500. व्यवसाय कर प्रत्येकी दोनशे, 2,000. हातात 1,78,500. पगार एप्रिलच्या 7 तारखेला वाटला तरी 31 मार्चला पगार खर्च दोन लाखच नावे पडेल आणि समोर चार देणी जमा होतील: कामगारांचा निव्वळ पगार आणि तीन कपाती. मालकाचा वाटा ही वेगळी नोंद; त्यात ईएसआयसीचे सव्वातीन टक्के म्हणजे 6,500 आणि पीएफचे 18,000, अधिक प्रशासकीय शुल्क व विम्याचा छोटा हप्ता. कपातीचा पैसा तुमचा नव्हे, कामगाराचा आहे. 1961 च्या कायद्याखाली कामगाराच्या हिश्शाचा पीएफ एक दिवस जरी उशिरा भरला तरी ती रक्कम खर्चातून कायमची जाते, असा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये निकाल दिला. मालकाच्या हिश्शाला विवरणपत्राच्या तारखेपर्यंतची सवलत होती, कामगाराच्या हिश्शाला नव्हती. म्हणून ही दोन खाती एकत्र करू नका.

बोनसचं पाहा. तुमच्या गावात बोनसचा विषय दिवाळीच्या तोंडावर तापतो, म्हणून खर्चही ऑक्टोबरातच लिहिला जातो. पण तो संपलेल्या वर्षाच्या कामाचा बोनस आहे. किमान 8.33 टक्के तर द्यायचाच असतो, तेव्हा निदान तेवढी तरतूद 31 मार्चला करा. दिवाळीत जास्त ठरला तर फरक त्या वर्षात लिहा. हे अंदाजाचं देणं आहे, म्हणून 'प्रोव्हिजन्स'खाली. मार्चचं वीजबिल मात्र तरतूद नव्हे. बिल एप्रिलमध्ये हातात येतं, पण युनिट मार्चमध्येच जळलेली असतात आणि खाती बंद करेपर्यंत आकडा कळलेला असतो. ते देय खर्चात, पूर्ण रकमेने.

कापड व्यापाऱ्याने डागी माल म्हणून क्लेम लावला असेल आणि तुम्ही तो मान्य केला नसेल, तर नोंद करायची की नाही? हे खरोखर परिस्थितीवर आहे. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल आणि अंदाज करता येत असेल तर तरतूद. तसं नसेल तर ताळेबंदाखाली टीप. दरवर्षी त्याच पार्टीचे असे क्लेम शेवटी मान्य होत असतील, तर यंदाचा 'वादग्रस्त' म्हणून टिपेत ढकलू नका.

आगाऊ रकमा क्रेडिटर्समध्ये मिसळलेल्या असतील, तर त्याही बाहेर काढा. गिऱ्हाइकाने कापडापोटी आगाऊ दिलेले पैसे हे विक्री नाही, देणं आहे. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी नोव्हेंबर 2017 पासून लागत नाही. पण तुमचे काही माग खर्चीवर चालत असतील, म्हणजे दुसऱ्याचं सूत विणून मजुरी घेत असाल, तर ती सेवा झाली आणि तिच्या आगाऊ रकमेवर जीएसटी त्याच महिन्यात भरावा लागतो. हे वेगळं खातं नसल्यामुळे नजरेतून सुटतं. आणि क्रेडिटर्सच्या यादीत ज्यांची डेबिट बाकी दिसते, म्हणजे ज्यांना तुम्हीच आगाऊ दिलंय, ते मालमत्तेच्या बाजूला घ्या. वजा होऊन देणी कमी दिसतात, ते बँकेचा अधिकारी दोन मिनिटांत पकडतो.

एक तांत्रिक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण एप्रिलमध्ये पडेल: 31 मार्चच्या या नोंदी 1 एप्रिलला उलटवायच्या का? वीजबिल आणि किरकोळ खर्चांच्या उलटवल्या तर सोपं जातं. बिल आलं की नेहमीसारखं खर्चात टाकलं की झालं. व्याज, टीडीएस आणि पगाराच्या उलटवू नका. तिथे चलन किंवा पेमेंट थेट देय खात्यावर टाका. उलटवल्या तर टीडीएसचं विवरणपत्र आणि खतावणी यांचा मेळ बसवताना घाम फुटतो.

राहिली मालकांची मागणी. बँका परंपरेने चालू गुणोत्तर 1.33 असावं असं पाहतात. समजा तुमची चालू मालमत्ता 52 लाख आहे आणि कॅश क्रेडिट, नोट, मेहुण्यांचे तीन लाख, कर्जाचा वर्षाचा हप्ता सगळं धरून चालू देणी 41 लाख. गुणोत्तर 1.27 येतं. व्यापाऱ्याची नोट लपवून ते वाढवायची गरजच नाही. मेहुण्यांना खरोखर पैसे लगेच नको असतील, तर मागणी करताच देय असलेली नोट रद्द करून दोन-तीन वर्षांच्या मुदतीचा करार करा. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत परत मागणार नाही असं पत्र दिलं तर बँका बहुतेक वेळा ते भांडवलासारखंच धरतात. मग चालू देणी 38 लाख आणि गुणोत्तर 1.37. हा बदल खरा आहे आणि कुणालाही दाखवता येतो. व्यापाऱ्याच्या नोटेबद्दल बँकेला एका ओळीत लिहून द्या, की ती 18 जुलैला अमुक पार्टीकडून येणाऱ्या वसुलीतून चुकती होणार आहे. फक्त मेहुण्यांशी करार 31 मार्चच्या आत व्हायला हवा. एप्रिलमध्ये केलेला कागद या ताळेबंदाला चालणार नाही, आणि मागची तारीख टाकायचा मोह मालकांना झालाच तर त्यांना सांगा की स्टॅम्पवर खरेदीची तारीख असते.